आपांच्या तोंडचं पत्रक

मी लिहिलेल्या एका पत्रकामुळे एका बाईचं हातातोंडाशी आलेलं काम गेलं. पत्रक खोटं नव्हतं. त्यातली ओळन् ओळ खरी होती, आणि पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिले. खरं लिहिलं, मग चुकलं काय?

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. गुलाबी नाहीतर पिवळा पातळ कागद, वर जाड अक्षरात प्रश्न, खाली सभेची वेळ. वाटून उरलेले गठ्ठे कपाटावर पडून असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापलेल्या बाजूवरून वाचायला शिकले. चौथीत ‘माझी आई’ असा निबंध आला तेव्हा मी शेवटी लिहिलं होतं, ‘माझ्या आईला साप्ताहिक सुट्टी का नाही, याचा जाब कोण देणार?’ बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले. बाबांनी मात्र निबंध घडी करून खिशात ठेवला. आपल्याला लिहिता येतं, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं.

डिप्लोमा झाल्यावर मी वाळूजच्या एका कारखान्यात लागले. कॉम्प्युटरमध्ये बसणाऱ्या लहान चिपा तिथून जातात. मला कागदपत्रांच्या विभागात घेतलं. इंग्रजीत आलेल्या सूचना मराठीत करायच्या आणि प्रत्येक टेबलावर चिकटवायच्या. ‘कोट घाला. मनगटाचा पट्टा लावा. चिपला बोट लावू नका.’ बाबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे पत्रकंच लिहिती की तू. फक्त मालकाची.”

चिप आमच्याकडे तयार होत नाही. ती बाहेरून येते. आम्ही ती तपासतो, प्लास्टिकच्या पट्टीच्या रिळात भरतो आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना पाठवतो. तिच्या दोन्ही बाजूंना केसाएवढे पाय असतात. एखादा पाय वाकडा असला की चिप बोर्डावर नीट बसत नाही. असा पाय मायक्रोस्कोपखाली चिमट्यानं सरळ करावा लागतो, आणि हाताचं काम झालेली चिप पिवळ्या ट्रेत वेगळी ठेवावी लागते, कारण ती पुढे दगा देण्याची शक्यता असते. गिऱ्हाईकाला तसं सांगूनच द्यायची, असा नियम. तो नियम मराठीत मीच लिहिला होता.

हे पाय सरळ करण्याचं काम साऱ्या लाइनीवर एकच बाई करायची. तिला सगळे आपा म्हणायचे. पडेगावहून कंपनीच्या बसनं यायच्या. पंचेचाळिशीच्या, अंगानं बारीक, मायक्रोस्कोपवर वाकल्या की तासभर मान वर करायच्या नाहीत. सात वर्षं त्या हेच काम करत होत्या, आणि सातही वर्षं ठेकेदाराचं माणूस म्हणून. कंपनीत येऊन, कंपनीचा कोट घालून, कंपनीच्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करायचं आणि कागदावर मात्र कंपनीचं कुणी नसायचं. या प्रकाराबद्दल मला आजही चीड आहे. त्या चिडीची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढची.

आपा उर्दू शाळेत शिकलेल्या. मराठी आमच्यासारखंच बोलायच्या, वाचता मात्र यायचं नाही. नवीन सूचना चिकटवली की मी त्यांच्या शेजारी उभी राहून वाचून दाखवायची. त्या एकदा ऐकायच्या आणि शब्दन् शब्द पाठ. मग समजल्याची सही म्हणून माझ्या तक्त्यावर उर्दूत आपलं नाव लिहायच्या. “उजवीकडून लिहिलेली सही चालती ना गं तुझ्या कंपनीला?” असं दर वेळी विचारायच्या आणि दर वेळी स्वतःच हसायच्या.

गेल्या वर्षी एका सकाळी बातमी आली. आमचा निम्म्याहून जास्त माल ज्या कॉम्प्युटर कंपनीला जायचा, ती दुसऱ्या, तिच्याहून मोठ्या कंपनीत मिसळणार होती. नुसता प्रस्ताव होता, पण कँटीनमध्ये त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. कारखान्याचे मोठे साहेब स्वतः येऊन टेबलाशी उभे राहिले.

“घाबरायचं कारण नाही,” ते म्हणाले. “दोन कंपन्या एक झाल्या तर खरेदी एकच खातं करणार. त्या मोठ्या कंपनीचा चिपचा पुरवठादार आधीच ठरलेला आहे. आता ते ठरवतील, त्याच्याकडून घ्यायचं, आपल्याकडून घ्यायचं, की दोघांकडून. आपला माल चांगला ठरला तर काम दुप्पट होईल.”

“आणि नाही ठरला तर?” कुणीतरी विचारलं.

साहेब काही बोलायच्या आत आपा म्हणाल्या, “साहेब, वेगळे राहणारे दोन भाऊ परत एकत्र आले की चूल एकच राहते. मग दुसऱ्या चुलीला सरपण घालणाऱ्यांनी काय करायचं, तेवढं सांगा.”

सगळे हसले. साहेबही हसले. “आपा, तुमच्यासारखे हात आहेत तोवर आपलं सरपण कोणी नाकारत नाही,” असं म्हणाले आणि गेले.

ते नुसतं गोड बोलणं नव्हतं. आठवडाभरात कळलं की त्या मोठ्या कंपनीकडून पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांना अनुभवी, पक्के कामगार दाखवायचे आहेत आणि त्यासाठी ठेकेदाराकडच्या काही जणांना कंपनी परमनंट करणार आहे. यादी सुपरवायझर करत होती. पहिलं नाव आपांचं. सुपरवायझर माझ्याच वयाची, सिल्लोडकडची, अजून प्रोबेशनवर. तिनं आपांना यादी दाखवलीही होती. पुढे काही झालं, धाकट्या कंपनीचे, म्हणजे आमच्यासारखे, पुरवठादार कमी केले, तरी परमनंट माणसाला असं एका सांगण्यावर घरी बसवता येत नाही. आपांच्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. त्या मला म्हणाल्या, “पत्र हातात आलं की पहिले तुला दाखवते. तू वाचून दाखव. मग मला विश्वास बसंल.”

याच दिवसांत आपांनी चहाच्या सुट्टीत मला ती गोष्ट सांगितली. पाहणीआधी जुन्या ऑर्डरी पुऱ्या करायच्या म्हणून घाई चालली होती. साहेबांनी सांगितलं होतं, पिवळ्या ट्रेतला माल चांगल्या मालात मिसळा.

“माझ्या हातचे पाय सरळच असतात,” आपा म्हणाल्या. “पण नियम तर नियम आहे ना? तूच वाचून दाखवलास मला. उद्या माल परत आला तर म्हणतील, बाईच्या चिमट्यानं घोळ केला.”

“आणि सुपरवायझर काय म्हणाली?”

“ती काय म्हणणार? मान खाली घालून मिसळायला लागली. बेटा, तुला म्हणून सांगितलं. पोटात ठेव.”

मी हो म्हणाले. खरंच ठेवायचं होतं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात वाक्यं तयार व्हायला लागली. मला अजून आठवतं, कसा आनंद होत होता. बाबांची सगळी पत्रकं ‘आम्ही’नं सुरू व्हायची. ‘आम्ही विचारतो.’ ‘आम्ही सहन करणार नाही.’ मला तो ‘आम्ही’ झिजलेला वाटायचा. कुणाच्याही तोंडी शोभेल असा. आपण एका माणसाच्या तोंडून लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला टोचेल, असं मी ठरवलं, आणि लिहिलं:

‘मी सात वर्षं चिमटा धरते. चिपचा वाकडा पाय सरळ करते. नियम म्हणतो, हा माल वेगळा ठेव. साहेब म्हणतात, घाई आहे, मिसळ. त्यांची चमची सुपरवायझर मान हलवते. उद्या दोन कंपन्या एक होतील. माल परत आला तर दोष कुणाचा? साहेबांचा नाही. माझ्या चिमट्याचा!’

खाली कुणाचं नाव नाही. छावणी भागातल्या एका लहान छापखान्यात पिवळ्या कागदावर छापून घेतलं. मुद्दाम पिवळ्या, ट्रेच्या रंगाच्या. या युक्तीचंही मला कौतुक वाटलं होतं. पाहुणे येण्याच्या आदल्या सकाळी पहिल्या पाळीच्या आधी गठ्ठा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दगडाखाली ठेवला. पाळी सुटेपर्यंत एकही शिल्लक नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. माणसं चार-पाचांच्या घोळक्यानं वाचत होती, एकजण मोठ्यानं वाचून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गाडीच्या काचेवर, वायपरखाली कुणीतरी तेच पत्रक अडकवलं. पाहुण्यांत एकजण मराठी होता. त्यानं ते जागच्या जागी बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं. ठरलेली चार तासांची पाहणी दोन दिवस चालली. त्यांनी आमच्या रिळांतून स्वतः नमुने काढले, पेट्यांना आपलं सील लावलं आणि निर्णय पुढे ढकलून निघून गेले.

मी हे काही धरलंच नव्हतं. पत्रकातून साहेबांना हादरा बसेल, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. ज्या दिवशी दोन पुरवठादारांतून एक निवडायला माणसं येणार, त्याच दिवशी आपलाच माल खोटा आहे असं आपण त्यांच्या हातात देतोय, हे इतकं साधं गणित मला सुचलं नाही. नव्हे, सुचलं असेल. पण वाक्यं फार चांगली जमली होती.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी लाइन थांबवून सगळ्यांना उभं केलं. बैठकीची नोंद लिहायचं काम माझ्याकडेच असायचं, म्हणून मी वही घेऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी होते.

साहेबांनी पिवळा कागद वर धरला. “‘मी सात वर्षं चिमटा धरते.’ सात वर्षं चिमटा कोण धरतं?”

सगळ्यांनी आपांकडे पाहिलं. चाळीस-पन्नास माना एका वेळी वळल्या.

मला तेव्हा कळलं मी काय केलंय ते. लिहिताना नाही, छापताना नाही, तेव्हा. आपांची जागा मी त्यांना न विचारता घेतली होती, आणि आता तिथं त्याच उभ्या होत्या.

“आपा, हे तुम्ही लिहिलं?”

आपांनी कागद हातात घेतला. वाचल्यासारखा बघितला. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं हे तिथं दोघींनाच माहीत आहे, असं मला वाटत होतं.

“काय लिहिलंय ते ऐकलं मी काल बसमध्ये,” त्या म्हणाल्या. “खरं लिहिलंय, साहेब.”

“मी विचारतोय, तुम्ही लिहिलं का?”

“खरं आहे ना? मग कुणी का लिहिना.”

‘मला मराठी लिहिता येत नाही’ एवढं म्हणाल्या असत्या तर सुटल्या असत्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुणी लिहिलं. आणि त्यांच्याशेजारी रोज चहाला बसणारी, मराठी लिहिणारी, कंपनीत एकच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर लोकांच्या लक्षात आलं असतं.

मी तोंड उघडलं नाही. एवढंच असतं तरी भित्री म्हणून सोडून देता आलं असतं. पण साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी वहीत लिहिलं, ‘संबंधित कामगाराने पत्रक लिहिल्याचे नाकारले नाही.’ शुद्ध, नीटनेटकं वाक्य. अक्षरही चांगलं आलं होतं.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर यादी लागली. आपांचं नाव नव्हतं. ठेकेदाराच्या माणसानं त्यांना गेटवरच सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. कारण विचारलं तर म्हणाला, कारण कंपनीला विचारा. आणि कंपनी म्हणाली, ही बाई आमची नाही, ठेकेदाराची.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. लिखाण चांगलं आहे म्हणतील, अशी मला आतून कुठेतरी आशा होती, हेही कबूल करायला हवं.

“तिला वाचून दाखवलं व्हतं का छापायच्या आधी?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“आम्ही ज्याचं गाऱ्हाणं, त्याला पहिलं वाचून दाखवायचो. निम्मे लोक म्हणायचे, नको छापू. मग नाय छापायचो.”

“मग ती गाऱ्हाणी कुठं जायची?”

“कुठं जाणार? त्याच्यापाशीच ऱ्हायची. त्याचीच व्हती ना ती.” त्यांनी कागद परत दिला. “लई पत्रकं वाचली तू. पण वाटताना कधी आली नाही माझ्यासंगं. लोक तोंडावर शिव्या द्यायचे. ते तुला ठाऊकच नाय.”

दोन दिवसांनी मी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं की पत्रक मी लिहिलं. मला वाटलं, आता ओरडतील, पोलीस म्हणतील, काहीतरी होईल. साहेबांनी लॅपटॉपवरून नजरही पुरती उचलली नाही.

“मला माहिती आहे,” ते म्हणाले. “तिची सही उर्दूत आहे. तुझ्याच तक्त्यावर बघितली आहे मी. आणि तुझी वाक्यं मी रोज टेबलाटेबलावर वाचतो.”

“मग आपांना का काढलं?”

“मिसळलेला माल कोणत्या रिळात गेला हे तुला माहिती नव्हतं. तिला होतं. पाहुण्यांनी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.” मग समजावल्यासारखं म्हणाले, “हे बघ, नव्या कंपनीच्या पद्धतीनं सगळ्या सूचना परत मराठीत करायच्या आहेत. ते काम दुसरं कोण करणार? जा, कामाला लाग.”

आणि मी लागले. आठ आठवडे. आपांच्या रिकाम्या टेबलावर नवी सूचना मीच चिकटवली.

मग एका रविवारी पडेगावला गेले. त्यांचं घर रस्त्यापासून आत, दोन खोल्यांचं. आपा ओट्यावर कोथिंबीर निवडत होत्या. मी वाटेत माफी पाठ केली होती, ती दोन वाक्यांनंतर विसरले आणि रडायला लागले.

“नको रडू. शेजारी बघायलेत,” त्या म्हणाल्या. “हातपाय धू, चहा घे. लाइनीवर माझ्या जागी कुणाला बसवलं?”

“दोन मुलींना.”

“दोन!” त्या एकदम खूश झाल्या. मग म्हणाल्या, “तू बोललीस ते बरोबर बोललीस. पण माझ्या तोंडून बोललीस. मला विचारलं असतंस तर एक शब्द मी काढायला लावला असता.”

“कोणता?”

“चमची. ती पोरगी तो माल मिसळताना रडत होती. तुला तेवढंच सांगायचं राहिलं, आणि तू विचारलं नाहीस.”

त्या दिवशी त्यांनी मला कामगार कार्यालयासाठी अर्ज लिहायला सांगितला. सात वर्षं कंपनीतच काम केलं, कंपनीच्याच माणसांनी काम शिकवलं, कामावर घ्या, एवढाच. त्या सांगायच्या, मी लिहायची. मध्ये एकदा मी ‘घोर अन्याय’ असं लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि थांबवलं. “घोर मी नाही बोलले. काढ.” मी काढलं. शेवटी त्यांनी उर्दूत सही केली.

यानंतर मी जे केलं ते मला वाटलं होतं माझ्या आयुष्यातलं पहिलं सरळ काम. अर्ज दिल्यावर तीनेक आठवड्यांनी राजीनामा लिहिला. दीड पानी. पत्रक माझंच होतं, बैठकीची नोंद खोटेपणानं लिहिली होती, निर्दोष बाईला काढणाऱ्या ठिकाणी मी काम करणार नाही, सगळं. त्याची एक प्रत फळ्यावर लावली, पट्टा, ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली गेटवर ठेवली आणि बाहेर पडले. दोन पोरींनी मागून हळूच टाळ्या वाजवल्या. मी तशीच बस धरून पडेगाव गाठलं, आपांना सांगायला.

आपांनी ऐकून घेतलं. त्या आयुष्यात माझ्यावर पहिल्यांदाच चिडल्या.

“तुझी नोकरी गेली, म्हणून माझी आली का?”

“आपा, मला तिथं राहवत नव्हतं.”

“तुला राहवत नव्हतं! तुला! अगं, परवा कामगार कार्यालयात तारीख होती. तिथले साहेब लोक बोलले, कंपनीनं या बाईला शिकवलं याचा कागद दाखवा. तो तक्ता. माझ्या सह्यांचा. सात वर्षांचा. तो कुठं आहे?”

तो माझ्या कपाटात होता. कंपनीतल्या माझ्या कपाटात, ज्याची किल्ली मी तासाभरापूर्वी ओळखपत्रासोबत गेटवर ठेवली होती.

“मी तुला सांगणारच होते की त्याचा फोटो काढ म्हणून,” आपा म्हणाल्या. “तू आत आहेस, तोवर मला काळजी नव्हती. आता आत माझं कोण आहे? हे करायच्या आधी मला विचारायचंस तरी.”

त्यांच्या मुलीनं आतून पाणी आणून ठेवलं आणि परत गेली. मला ते उचलवलं नाही. पत्रकाच्या वेळी मी त्यांना विचारलं नव्हतं. माफी म्हणून जे केलं त्याच्या वेळीही विचारलं नाही. दोन्ही वेळा लिखाण मात्र चांगलं झालं होतं.

मी म्हणाले, “सुपरवायझरकडे त्या तक्त्यांच्या प्रती असतात. तिला मागून बघू का?” आणि लगेच, “तुम्ही हो म्हणालात तरच.”

आपांनी विचार केला. “माग. पण माझ्या नावानं भांडू नको. नुसतं माग.”

सुपरवायझर सिडकोत उतरायची. दुसऱ्या दिवशी मी तिथल्या थांब्यावर उभी राहिले. ती बसमधून उतरली, मला बघून थबकली आणि चालायला लागली. मी तिच्या बाजूनं चालत सगळं सांगितलं. तक्ता, तारीख, सह्या.

“तुझ्या पत्रकात मी चमची हाय,” ती म्हणाली. “चमचीची साक्ष चालती का कामगार कार्यालयात?”

“मला माफ कर.”

“छापून माफ कर म्हणशील, का नुसतं तोंडानं? ते पत्रक आमच्या गावापत्तर गेलं. माझ्या सासऱ्यानं वाचलं.” ती थांबली. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, ती पदपथावर चढली, मी खालीच राहिले. “माझं परमनंटचं पत्र आलंय. नव्या कंपनीचं अजून काय ठरंना, ट्रायलपुरता माल घेतेत. कधी बंद करतील सांगता येत नाय. आन् तू म्हणती, मी कागद चोरून आणू.”

“मी नाही म्हणत. आपांनी मागितलाय.”

“आपांनी?” तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “त्यांना ठाऊक हाय तू आलीस ते?”

“हो. विचारून आलेय.”

तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर नीट सरकवला.

“मग त्यांनाच फोन करायला सांग मला,” ती म्हणाली. “द्यायचा का नाय ते मी त्यांना सांगीन. तुला नाय.”

मी बरं म्हणाले. ती गल्लीत वळली. पुढच्या पेट्रोल पंपाजवळून पडेगावची बस मिळते. मी तिकडे चालायला लागले. फोनवरही सांगता आलं असतं, पण आपांचा फोन मुलीकडे असतो आणि मुलगी क्लासला गेली असणार होती. बसमध्ये बसल्यावर मी सुपरवायझरचा निरोप मनात दोनदा म्हणून पाहिला, तिच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता.